सगळ्यांना अठरा

मागचा टायर फस्स करून सुटला तेव्हा सुलक्षणा पाली गावाच्या वरच्या उतारावर होती. रिमची कड दगडावर खण्णकन आपटली, टायर क्षणभर रिमवरून उचलला गेला आणि आतलं पांढरं औषध तिच्या पोटऱ्यांवर उडालं. या डोंगरी सायकलींच्या टायरमध्ये ट्यूब नसते. काटा रुतला तर भोक आपोआप बुजावं म्हणून आत ते चिकट औषध घालतात. मुलं त्याला दूध म्हणत. महिन्याभरात तिसऱ्यांदा ते दूध सांडलं होतं, आणि तिसऱ्यांदा सुलक्षणा मुरमात आडवी झाली होती.

कोपर सोलवटलं होतं. तिनं तिकडं बघितलंही नाही. ती बघत होती खाली उभ्या असलेल्या पाच जणांकडं, कारण आता काय होणार हे तिला पाठ होतं.

"पोतं पडलं रे, पोतं!"

हसण्याचा आवाज उतारावरून वर आला. जून महिन्यात शाळेत तपासणी झाली होती. नर्सबाईंनी वजनकाट्यावर वाकून "एकाहत्तर!" असा आकडा व्हरांड्याच्या त्या टोकाला बसलेल्या मास्तरांना ऐकू जावा म्हणून मोठ्यानं सांगितला, आणि तो सगळ्या शाळेनं ऐकला. भाताच्या एका पोत्यात जवळजवळ तेवढंच भात बसतं, हा हिशोब कुणीतरी त्याच दिवशी मांडला. तेव्हापासून सुलक्षणा पंधरा वर्षांची मुलगी कमी आणि पोतं जास्त झाली होती.

इंद्रजित सर वर चढून आले. सर भोरचे. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं दिलेल्या सहा सायकलींवर त्यांनी या खोऱ्यातल्या मुलांचा संघ उभा केला होता. आठवड्यातून तीनदा ते पहाटे मोटारसायकलवरून इथवर येत, पदरमोड करून मुलांना केळी खाऊ घालत. कष्टात माणूस कुठं कमी नव्हता. पण एका मोठ्या स्पर्धेत जिंकलेल्या कुणा परदेशी गड्यानं 'मी टायरमध्ये अठरा पौंड हवा ठेवतो' असं सांगितलेलं त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी सहाही सायकलींच्या रिमवर त्यांनी '१८' अशा चिकटपट्ट्या लावल्या. पुढंही अठरा, मागंही अठरा.

त्यांनी सुलक्षणाची रिम बोटांनी चाचपली. कडेला पोचा पडला होता.

"परत वाकवलीस."

"सर, हवा कमी पडते मला."

"अठरा आहे. मी स्वतः भरलीय. बाकीच्या पाच जणांना कशी पुरते?"

"मला न्हाई पुरत."

"मग दोष हवेचा नाही." सर उठून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आधी वजन उतरव, मग सायकलवर चढ. आणि ऐकून ठेव. आज गुरुवार. रविवारी निवड आहे. चौघंच राज्याच्या स्पर्धेला जाणार. रविवारी जर परत रिम वाकली, तर सायकल इथंच ठेवायची आणि चालत घरी जायचं. कायमचं."

खाली पुन्हा हशा झाला. एकटी शेफाली हसली नाही. ही भोरची मुलगी, काटकुळी, संघात सगळ्यांत हलकी. ती आपल्याच टायरकडं बघत उभी होती.

चढावर सुलक्षणाच्या मागच्या चाकाला चिकटून राहील असा बाकीच्या पाच जणांत एकही नव्हता. ते सरांना दिसत नव्हतं का? की दिसत होतं, आणि तरीही तोंडातून हेच निघत होतं? तिच्या कानशिलात ठणठण होऊ लागलं. तिनं सायकल उचलून उभी केली आणि ती ढकलत आपल्या गावाच्या, गुंजवण्याच्या वाटेला लागली. मागचं चाक दर फेऱ्याला भदभद वाजत होतं.

गावाच्या अलीकडं, ओढ्याच्या कडेला पत्र्याची एक शेड आहे. तिथं सर्जेराव ट्रॅक्टरची टायरं दुरुस्त करत. त्यांनी तीस वर्षं एसटीच्या टायर खात्यात काढली होती. निवृत्त होऊन गावी आले आणि महिन्याभरात शेड टाकून बसले. लहानथोर सगळे त्यांना आबा म्हणत.

"आगं, कुणाशी भांडून आलीस?" आबा पाना खाली ठेवत म्हणाले.

"कुणाशी न्हाई. भांडायचं राहिलंय." तिनं सायकल खांबाला टेकवली, टेकवली म्हणजे आदळलीच. "आबा, ह्यात हवा भरा. दगडासारखी भरा. परत म्हणून खाली बसली न्हाई पायजे."

आबांनी रिमवरचा पोचा पाहिला, टायर दाबून पाहिला, मग ती '१८'ची पट्टी वाचली.

"हे कुणी लिहिलं?"

"सरांनी. सगळ्यांना अठरा."

"सगळ्यांना?" आबांच्या भुवया वर गेल्या. "त्या भोरच्या काडीला बी अठरा आन् तुला बी अठरा? आगं, आमच्या डेपोत छोटी गाडी आन् लांब पल्ल्याची गाडी ह्यांना एकच हवा भरली असती, तर साहेबानं मला दारातनं हाकलला असता. टायरला माणूस वळखता येत न्हाई, पोरी. त्याला फकस्त वर बसलेला भार कळतो."

"मग भरा ना चाळीस!"

"चाळीस भरली तर दगडावरनं चेंडूसारखी उडशील. कमी हवेत टायर दबतो, जमिनीला धरतो. लई कमी झाली तर दगड थेट रिमला लागतो. ह्या दोन्हीच्या मधी तुझा आकडा हाय. त्यो हुडकायचा." ते सावकाश बोलत होते, जणू घाई ही गोष्ट त्यांच्या गावीच नव्हती. "ह्या टायरांबरूबर काय कागद आला हुता का?"

आला होता. सायकली उतरवल्या त्या दिवशी खोक्यात घड्या घातलेला एक कागद होता. सरांनी तो बाजूला टाकला आणि सुलक्षणानं मागचं कोरं पान गणितं करायला घेतलं होतं. तिनं दप्तरातून तो काढला. एका बाजूला भागाकार, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत छापलेला तक्ता. डावीकडं चालवणाऱ्याचं वजन, कपडे आणि पाण्यासकट. उजवीकडं पुढची हवा, मागची हवा. तिनं कधी उलटवून बघितलंच नव्हतं.

"बघ, हितंच लिवलंय सगळं. आन् तुमचे सर मोबाईलमधी हुडकत बसले." आबांनी चष्मा पुसला. "तुझं वजन सांग."

सुलक्षणाचं बोट तक्त्यावरून खाली सरकत होतं. सत्तर ते पंचाहत्तरच्या ओळीवर ते थांबलं. मग दोन ओळी वर गेलं.

"अठ्ठावन्न," ती म्हणाली.

"बूट, हेल्मेट धरून साठ."

"साठला पुढं एकोणीस, मागं बावीस."

ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरलाही बारा-चौदाच हवा लागते, त्यामुळं आबांच्या हवा मोजायच्या गेजवर हे लहान आकडे नीट दिसत. त्यांनी कॉम्प्रेसरनं एका दमात टायर रिमवर बसवला, बाटलीतून औषध घातलं, आणि पुढं एकोणीस, मागं बावीस मोजून ठेवली.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ओढ्यात चाचणी झाली. ओढा आता आटत आला होता, गोटे उघडे पडले होते. आबा काठावर कान देऊन उभे राहिले. सुलक्षणा पहिल्या गोट्यावरून गेली, दुसऱ्यावरून गेली, आणि तिसऱ्या टोकदार दगडावर मागची रिम वाजली. खण्ण.

"परत जा."

खण्ण.

आबांनी गेज लावला. बावीसच होती. त्यांनी गेज ट्रॅक्टरच्या टायरला लावून पाहिला, मग परत सायकलला. बावीसच. त्यांनी तक्ता हातात घेतला, इंग्रजी येत नसतानाही आकड्यांवरून बोट फिरवलं.

"साठच्या माणसाला हे वाजायला नगं," ते स्वतःशीच पुटपुटले.

शनिवारी सकाळी ती परत शेडवर गेली तेव्हा आबांनी कॉम्प्रेसर उघडून ठेवला होता. गेज फळीवर पालथा पडला होता.

"ह्यो गेज खोटा झालाय," आबा म्हणाले. ते तिच्याकडं बघत नव्हते. "न्हाई तर मीच झालोय. राती इचार केला. तीस वर्षं ज्या हातानं गाड्यांची हवा मोजली, त्या हाताला एक सायकल जमंना. ट्रॅक्टरवाल्यांना बी म्या काय भरून देतोय देव जाणे. तू जा पोरी. सरांनी सांगितलं तीच भर. शिकलेला माणूस हाय त्यो."

सुलक्षणा खांबाला धरून उभी राहिली. गुरुवारपासून तिचा राग सरांवर होता, त्या हसणाऱ्या पोरांवर होता, व्हरांड्यात ओरडणाऱ्या नर्सबाईंवर होता. आता तो एकदम वळला आणि तिच्याच अंगावर आला. त्यानं ती इतकी पेटली की तोंड उघडलं तेव्हा आवाज पलीकडच्या खाचरात कापणी करणाऱ्या बायकांपर्यंत गेला.

"एकाहत्तर! माझं वजन एकाहत्तर हाय आबा! गेज खरा हाय, तुमी खरे हाय, म्या खोटं बोलले!"

खाचरातले विळे थांबले. आबा वळले. आधी त्यांना समजायला वेळ लागला, आणि समजलं तसा त्यांचा चेहरा तांबडा झाला. सर्जेरावांना चिडलेलं गावात फारसं कुणी पाहिलं नव्हतं.

"अख्खी रात!" ते म्हणाले. "अख्खी रात म्या माझ्या हाताला शिव्या घालतोय. सगळा कॉम्प्रेसर उसवला! म्या काय तुला नवरा बघाय आलो हुतो व्हय, वजन चोरून ठेवायला?"

"सगळी हसत्यात मला! पोतं म्हणत्यात!"

"म्या हसलो?"

तिनं फळीवरचा पालथा गेज उचलून सरळ ठेवला.

"सांग की. म्या हसलो का?"

"न्हाई."

"मग मला खोटा आकडा का दिला?" आबांचा आवाज फाटला होता. त्यांनी घोटभर पाणी पिऊन घेतलं. मग बाहेर बोट केलं. रस्त्याच्या कडेला वाळू उतरवून एक ट्रक उभा होता. "त्याच्या दारावर काय रंगवलंय, वाच."

सुलक्षणानं वाचलं. रिकाम्या गाडीचं वजन, भरल्या गाडीचं वजन. पांढऱ्या रंगात, वीतभर उंचीची अक्षरं.

"का लिवलंय? गाडीची बेअब्रू कराया? पुलावरनं जायचं का न्हाई, टायरात किती भरायची, हे कळावं म्हणून लिवलंय. त्या आकड्यात चांगलं न्हाई, वाईट न्हाई. भार हाय, बास. चल."

"कुठं?"

"गिरणीवर. जूनमधलं एकाहत्तर नगं मला. आजचं पायजे. बूट घाल, हेल्मेट घाल, पाण्याची बाटली भर."

भाताची गिरणी त्या दिवसांत दिवसभर धडधडत होती. दारापासून आतपर्यंत पोत्यांची रांग लागलेली, आणि मधोमध लोखंडी काटा. काट्याशी मानसिंग उभा होता. गिरणीवाल्याचा भाचा, तोंडानं फटकळ. दहा-बारा माणसं आपल्या पाळीची वाट बघत बसली होती. सुलक्षणा हेल्मेट घालून आत आली तशी सगळ्यांच्या माना वळल्या.

"काय आबा," मानसिंग म्हणाला, "ह्या पोत्याचं तोंड शिवायचं राहिलं वाटतं!"

दोन-तीन जण हसले. आबा काही बोलणार तोच सुलक्षणा काट्यावर चढली आणि तिथूनच मानसिंगकडं वळली. उंचावर उभी राहिल्यानं तिची नजर बरोबर त्याच्या डोळ्यांत गेली.

"आकडा वाच," ती म्हणाली.

"आगं, चेष्टा केली..."

"चेष्टा झाली तुझी. आता आकडा वाच. मोठ्यानं. त्या नर्सबाईपेक्षा मोठ्यानं."

नर्सबाई कोण हे मानसिंगला कळलं नाही, पण तिचा आवाज कळला. त्यानं खाली बघितलं. "चौऱ्याहत्तर."

"ऐकू न्हाई आलं."

"चौऱ्याहत्तर किलो!"

गिरणीचा पट्टा धडधडत राहिला. हसायला कुणी उरलं नव्हतं. सुलक्षणा उतरली आणि कागदावरच्या ज्या ओळीवरून गुरुवारी बोट उचललं होतं, तिच्याखाली तिनं पेनानं खोल रेघ मारून ठेवली. पुढं तेवीस, मागं सव्वीस.

दुपारी ओढ्यात तोच टोकदार दगड तिनं सात वेळा ओलांडला. रिम एकदाही वाजली नाही. आठव्यांदा ती मुद्दाम जोरात आदळली. टायर दबला, दगडाला धरून राहिला आणि तिला पलीकडं घेऊन गेला.

"आता?" आबांनी काठावरून विचारलं.

"आता रंग हाय का तुमच्याकडं? पांढरा?"

रविवारी पालीत सहाही सायकली ओळीनं उभ्या होत्या. सर हातात गेज घेऊन एकेकीची हवा तपासत येत होते. सुलक्षणाच्या सायकलीशी ते थबकले. काळ्या दांडीवर पांढऱ्या रंगात, ट्रकच्या दारावर असतात तशा ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: चालक ७४ किलो. पुढे २३. मागे २६.

"हे काय?" सरांनी गेज लावला. "सव्वीस? माझ्या पट्ट्या कुणी काढल्या?"

"म्या."

"कुणाला विचारून?" ते खाली बसले आणि त्यांनी वॉल्व्हची टोपी फिरवायला घेतली. "अठरा म्हणजे अठरा. इथं प्रत्येकाची मनमानी चालणार नाही."

सुलक्षणानं त्यांचं मनगट धरलं. सरांचं मनगट धरायचं असतं का, हा विचार तिच्या मनात नंतर आला. तेव्हा फक्त एवढंच दिसत होतं की ही हवा गेली तर आपण गेलो.

"सोड हात."

"सोडते. आधी हे बघा." दुसऱ्या हातानं तिनं खिशातला कागद काढून त्यांच्यापुढं धरला. "टायरच्या खोक्यात हाय, सर. पहिल्या दिवसापासनं. वजनाची ओळ बघायची आन् हवा भरायची. तुमी एकदा बी वाचला न्हाई. तीनदा मला पाडलंत. तीनदा सगळ्यांपुढं माझं वजन काढलंत, पर मोजलं एकदा बी न्हाई!"

सरांच्या कपाळावरची शीर तटतटली. "सुलक्षणा, कुणाशी बोलतेयस..."

"सर," मागून बारीक आवाज आला. शेफाली होती. "माझी सायकल दगडावर उड्या मारते. मागचं चाक घसरतं. मला वाटायचं मलाच येत नाही चालवायला." ती आपली सायकल घेऊन पुढं आली. "माझं वजन एकोणचाळीस आहे. त्या कागदात बघता का, मला किती?"

कागद सरांच्या हातात होता. त्यांचे डोळे ओळींवरून खाली उतरले, परत वर गेले. एकोणचाळीसला पुढं पंधरा, मागं सतरा. मग चौऱ्याहत्तरची ती खोल रेघ. आपण चुकलो हे कळलेल्या माणसाला कधीकधी आणखीच चीड येते, त्यांना आली.

"ठीक आहे," ते दात आवळून म्हणाले. "ठेव तुझी सव्वीस. पण अट तीच. रिम वाकली तर सायकल इथंच."

"वाकली तर दांडीवरचा रंग बी म्याच खरवडून देईन."

चढावर ती पहिली होती, त्यात नवल नव्हतं. खरी गोष्ट उताराची होती. दुसऱ्या वळणात, जिथं तीनदा दूध सांडलं होतं, तिथं सवयीनं तिची बोटं ब्रेकवर आवळली. मग तिनं ती सोडली. दगड आला. खालून एक मऊ, दबका धक्का आला, बस्स. ना खण्ण, ना फस्स. ती ओरडली. आनंदानं नव्हे, गेल्या महिन्याभराचं सगळं त्या एका ओरडण्यात होतं, आणि खाली उभ्या असलेल्या पोरांनी वाट सोडली.

ती दुसरी आली. शेफालीनं टायरमधली हवा कमी करून घेतली होती, ती चौथी आली. दोघींची निवड झाली. सरांनी सुलक्षणाची रिम दोन्ही बाजूंनी बोटांनी चाचपली. नवा पोचा कुठंच नव्हता.

"बरं," ते म्हणाले.

"बरं एवढंच?" तिनं विचारलं.

सरांनी वहीत नावं लिहायला घेतली.

मंगळवारी पहाटे सर आले तेव्हा मोटारसायकलच्या मागं घरातला वजनकाटा बांधलेला होता. त्यांनी तो सपाट दगडावर ठेवला, खिशातून तक्त्याची झेरॉक्स काढली. मुलं लांबच उभी राहिली. ज्यांनी जूनपासून पोतं पोतं म्हणून घसा कोरडा केला होता, ते आता पायातल्या बुटांकडं बघत होते. काट्यावर चढायला कुणीच पुढं येईना.

"एकेकानं या," सर म्हणाले. "घाबरायचं काय त्यात?"

"आधी तुमी, सर," सुलक्षणा म्हणाली.

"मी कुठं स्पर्धेत आहे?"

"तरी बी. आधी तुमी."

सरांनी तिच्याकडं बघितलं. मग बूट न काढता काट्यावर चढले, वाकून आकडा बघितला आणि तिथंच घुटमळले. कुणी वाचायला सांगायची वाट न बघता त्यांनी स्वतःच सांगितला.

"ब्याण्णव."

मागं कुणाच्या तरी तोंडातून फुस्स झालं. सुलक्षणा गर्रकन वळली.

"कोण हसलं?"

सगळ्यांच्या नजरा परत बुटांवर गेल्या.

"परत कोण हसलं तर बघा," ती म्हणाली. तिनं खिशातला पेन काढला आणि झेरॉक्सच्या कडेला सरांचा आकडा सगळ्यांत वर लिहिला. "बूट काढू नका, हेल्मेट घाला, आन् ओळीनं या. शेफाली, तू आधी."